छोटू कोण, गंपू कोण : दुय्यम बाहुल्यांच्या वहीची प्रस्तावना

अर्धवटराव कोण, हे मावळात कुठेही विचारा. चाळिशी ओलांडलेला माणूस हातातलं काम न थांबवता सांगेल. त्यांची बायको आवडाबाई, इथपर्यंतही बहुतेकांना जमतं. गाडी अडते ती पुढे, मुलांपाशी. छोटू कोणता आणि गंपू कोणता? थोरला कोण? रविवारी टीव्हीवर मध्येच तोंड घालून हशा घेऊन गेला तो यांतला कोण, की तो तिसराच कुणीतरी होता? एका घरातली चार माणसं चार उत्तरं देतात आणि चौघांनाही आपलं उत्तर काल पाहिल्याइतकं पक्कं वाटतं. पाहुणे उठून जातात, चहा निवतो, वाद मात्र मिटत नाही.

ही वही त्या वादासाठी आहे. ती कोरी आहे, हे आधीच सांगून टाकतो. नोंदी ज्याच्या त्याने करायच्या. कोऱ्या वहीला प्रस्तावना कशाला, असा प्रश्न पडेल, पण नोंद करायला बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत जे खड्डे लागतात ते कुणीतरी आधी दाखवून ठेवलेले बरे. शिवाय बाहुल्यांच्या बाबतीत आपण ज्याला ओळख म्हणतो, ती नेमकी कशाची ओळख असते हे ठरवल्याशिवाय पान एकसुद्धा भरता येत नाही.

मुख्य बाहुल्या या वहीत येऊ नयेत, असं माझं मत आहे. त्यांच्याबद्दल भरपूर छापून आलं आहे. य. के. पाध्ये यांनी अर्धवटराव घडवला १९१६च्या सुमारास, म्हणजे या गृहस्थांची शंभरी कधीच उलटली. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी १९६७ साली शब्दभ्रमाचा, म्हणजे ओठ न हलवता बाहुलीला बोलतं करण्याच्या कलेचा, पहिला जाहीर प्रयोग केला आणि तेव्हापासून अर्धवटरावांना मुलाचा आवाज मिळाला. पुढे दूरदर्शन आलं, ‘मेरी भी सुनो’ आलं आणि नाट्यगृहात तिकीट काढून भेटणारे अर्धवटराव घराघरांत फुकट भेटू लागले. ही हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. कडेला बसलेल्यांची हकीकत मात्र कुणी लिहून ठेवली नाही, कारण ते कडेला होते.

आणि पोरांचं लक्ष कडेलाच असतं. अर्धवटराव राजकारणावर, महागाईवर, पुढाऱ्यांवर बोलायचे आणि मोठी माणसं हसायची. खाली सतरंजीवर बसलेल्यांना त्यातलं फारसं कळायचं नाही. ते वाट बघायचे पेटीतून दुसरी कुठली बाहुली निघते याची. बालप्रेक्षकाच्या मनात नायकाची जागा दुय्यम पात्र घेतं ते असं. पुढे चाळीस वर्षांनी तोच प्रेक्षक त्या पात्राचं नाव आठवताना कपाळाला आठ्या घालतो.

मावळातल्या आठवणींची एक खास अडचण आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला आणि सिंहगडावरच्या प्रक्षेपणामुळे पुढच्या वर्षी पुण्याच्या बाजूलाही ते दिसू लागलं. मावळ या दोहोंच्या मधला, आणि तोही डोंगरांनी चिरलेला. लोणावळा-खंडाळा घाटमाथ्यावर, तर आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही खोरी एकेका रांगेच्या आड. टीव्हीची लहर सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की चित्रात मुंग्या येतात. कधी लहर डोंगरावर आपटून क्षणभर उशिरा पोचते आणि मूळ चित्राशेजारी त्याची फिकट सावली उमटते. म्हणजे पडद्यावर बाहुली एक, दिसणार दोन. ज्यांना दोन जुळे बाहुले हसताना आठवतात त्यांना खोटं ठरवण्याआधी त्यांचं घर कुठल्या बाजूच्या उतारावर होतं, हे विचारून घ्यावं. हे मी गमतीने म्हणत नाही. नोंदीत साक्षीदाराचं गाव लिहाच, आणि जमलं तर घराचं तोंड कुठे होतं तेही.

साक्षीदारांतला एक वर्ग आजवर दुर्लक्षित राहिला आहे. पावसाळ्यात लोणावळ्याला वारा सुटला की अँटेना फिरायचा. मग घरातल्या एकाला पत्र्यावर चढून तो धरून बसावं लागे आणि खालून ‘आला, आला, गेला’ असा पुकारा चाले. पत्र्यावरच्या त्या पोराने कार्यक्रम पाहिलाच नाही. त्याने तो फक्त ऐकला. आपल्या कामासाठी हा उत्तम साक्षीदार. ज्यांनी चित्र पाहिलं ते कपडे, टोपी, नाक यांत अडकून पडतात, पण याच्याकडे निखळ आवाज साठलेला असतो. आणि बाहुलीची ओळख आवाजात असते हे पुढे दिसेलच.

कपड्यांच्या आठवणीबद्दल तर फारच सावध राहायला हवं. भारतात टीव्हीला रंग आला १९८२ साली, आणि रंगीत संच घरोघरी पोचायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. तेव्हा कुणी छातीठोकपणे म्हणाला, “मला पक्कं आठवतंय, त्याचा कोट लाल होता, ७८ सालची गोष्ट,” तर तो रंग त्याने नंतर कुठेतरी भरला आहे. एखाद्या मासिकाच्या मुखपृष्ठावरून, गणेशोत्सवातल्या प्रत्यक्ष प्रयोगातून, किंवा नुसताच मनातून. प्रत्यक्ष प्रयोग पाहिलेल्याचा रंग ग्राह्य धरावा. काळ्या-पांढऱ्या संचावरचा रंग शेऱ्याच्या रकान्यात जावा, पुराव्याच्या नव्हे.

मूळ चित्रफिती काढून बघाव्यात म्हटलं तर तो रस्ता बराचसा बंद आहे. त्या काळी टेप महाग, त्यामुळे कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर पुढचा कार्यक्रम घ्यायचा, असा दूरदर्शनचा शिरस्ता होता. किती हसू, किती गाणी आणि किती बाहुल्या अशा पुसल्या गेल्या याचा हिशेब नाही. मुख्य बाहुल्यांचं त्याने फार बिघडलं नाही, कारण त्या नंतरही दिसत राहिल्या. एखाद-दोन भागांत येऊन गेलेली बाहुली मात्र आता फक्त माणसांच्या डोक्यात आहे, आणि ही डोकीही आता पांढरी होत चालली आहेत.

आता मूळ मुद्दा. बाहुली आणि पात्र या दोन गोष्टी आहेत. वस्तू एक, पात्र दुसरं. लाकूड, कागदाचा लगदा, फोम किंवा कापड यांचं केलेलं जे काही खुंटीला टांगता येतं ती बाहुली. तिला आवाज, खोड, नातं आणि एखादा ठरलेला प्रतिस्पर्धी मिळाला की पात्र होतं. एकच बाहुली दहा पात्रं होऊ शकते. एकाच पात्राच्या पाच बाहुल्याही असू शकतात, कारण फोम झिजतो, कापड विटतं आणि दौऱ्यावर एक जादा लागतेच. गौरी बसवणाऱ्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. दोन मुखवटे अगदी सारखे, तरी ज्येष्ठा कोण आणि कनिष्ठा कोण हे घरातली बाई बिनचूक सांगते, कारण ती चेहरा बघतच नाही. कुणाला आधी आत आणलं आणि कोण कुठल्या बाजूला उभी आहे हे बघते.

बाहेरच्या जगात या मुद्द्यावर चाहत्यांनी आयुष्यं घालवली आहेत. अमेरिकेत १९६९च्या नोव्हेंबरमध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झालं. त्यात जिम हेन्सन यांच्या चमूने कोऱ्या चेहऱ्याच्या बाहुल्यांचा एक ताफाच केला होता. त्यांना म्हणायचे ‘एनिथिंग मपेट’. डोळे, नाक, केस, मिशा, सगळं वरून लावायचं. काम झालं की उतरवून ठेवायचं. आज निळी लठ्ठ बाहुली पोलीस, उद्या दुकानदार, परवा कुणाचे तरी वडील. या ताफ्यातला एक निळा, टकला गृहस्थ हॉटेलात जेवायला येतो आणि वेटर असतो ग्रोवर. दर वेळी त्या बिचाऱ्याचं जेवण काहीतरी होऊन बसतं. लोक त्याला रंगावरूनच ओळखायचे. पुढे मिस्टर जॉन्सन हे नाव त्याला घट्ट चिकटलं आणि तो त्या गर्दीतून उठून स्वतंत्र माणूस झाला. शरीर तेच, त्याच साच्यातली इतर कित्येक शरीरं अजून बिननावाची. फरक इतकाच की याला एक शत्रू मिळाला होता.

त्याच सालचा दुसरा पेच याच्या उलट आहे. एक अर्थहीन शब्दांचं गाणं ‘सेसमी स्ट्रीट’वर एका दाढीवाल्या उनाड बाहुल्याने दोन मुलींबरोबर म्हटलं. थोड्याच दिवसांनी एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात तेच गाणं वेगळ्या, झुपकेदार केसांच्या बाहुल्याने म्हटलं आणि साथीला दोन गुलाबी, गाईसारखे विचित्र प्राणी आले. गाणं एक, विनोद एक, गाणारा हातही हेन्सन यांचाच. तरी पात्रं दोन. एकच आहे म्हणणारे प्रेक्षक तिकडेही भेटतात, आणि त्यांना समजावताना जाणकारांच्या आवाजात जो थकवा येतो तो ओळखीचा वाटतो.

ब्रिटिशांच्या ‘थंडरबर्ड्स’मध्ये तर हा सगळा कारखानाच होता. गेरी अँडरसन यांची ही मालिका १९६५-६६ सालची. दोऱ्यांवरच्या बाहुल्या, डोक्यात बसवलेली विजेची यंत्रणा आणि ध्वनिमुद्रित आवाजाबरोबर हलणारे ओठ. मुख्य कुटुंबाच्या बाहुल्या ठरलेल्या असायच्या, पण दर भागातले पाहुणे, म्हणजे वैमानिक, हेर, शास्त्रज्ञ, एका मर्यादित साठ्यातूनच यायचे. केस बदला, मिशी लावा, कपडे बदला, पुढच्या भागात चालवा. कुठल्या भागातला खलनायक दुसऱ्या कुठल्या भागातला सज्जन डॉक्टर होता, हे भुवईच्या वळणावरून शोधणारे लोक आजही आहेत. मला त्यांचं कौतुक वाटतं, पण त्यांचा रस्ता आपला नव्हे. ते बाहुलीचा माग काढतात, आपल्याला पात्राचा काढायचा आहे.

पात्राचा माग काढायचा तर आधी हात मोजावे लागतात. शब्दभ्रमकाराला हात दोन. एका वेळी जास्तीत जास्त दोन बाहुल्या बोलत्या ठेवता येतात, तेही कसब असेल तर. उरलेलं कुटुंब पेटीत. म्हणून एकाच माणसाच्या खेळात अर्धवटराव, आवडाबाई, छोटू आणि गंपू असे चौघे एकदम भांडताना आठवत असतील, तर एक तर मदतीला आणखी हात होते, नाहीतर दोन वेगळे प्रवेश आठवणीत एकमेकांत मिसळले आहेत. पाध्यांच्या घरात पहिली शक्यता खरी असू शकते, कारण रामदास पाध्यांबरोबर पत्नी अपर्णा पाध्ये आणि पुढे मुलगे, सत्यजित आणि परीक्षित, याच कलेत आले. हात वाढले की बाहुल्याही एकत्र दिसू लागतात. त्यामुळे कोण कोणाबरोबर दिसलं, एवढ्यावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो.

यावरून एक चांगली कसोटी हाती लागते. ज्या दोन बाहुल्या कधीच एका चौकटीत बोलताना दिसत नाहीत, त्यांच्यामागे एकच गळा असण्याची शक्यता मोठी. फ्रँक ऑझ या एकाच कलावंताने बर्ट, ग्रोवर आणि कुकी मॉन्स्टर ही तिन्ही पात्रं केली. मुलांना तीन मित्र दिसले, स्टुडिओत माणूस एकच होता. आणखी एक बारकावा सांगतो. बाहुलीचं डोकं चालवणारा बहुतेक वेळा उजवा हात डोक्यात घालतो, कारण तो हात जास्त तयार असतो. मग बाहुलीचा हात हलवायला त्याच्याकडे उरतो डावा. म्हणून जगातल्या अशा बाहुल्या बऱ्याचशा डावखुऱ्या. बाहुली कुठल्या हाताने नमस्कार करते, डोकं खाजवते, पेला उचलते हे आठवत असेल तर जरूर लिहा. त्यातून बाहुलीबद्दल नाही, तरी तिच्या मागच्या माणसाबद्दल काहीतरी कळतं.

आवाजाचं शास्त्र याहून मजेचं. शब्दभ्रमकाराचे ओठ हलता कामा नयेत. प, फ, ब, भ, म ही सगळी अक्षरं ओठ मिटल्याशिवाय नीट निघत नाहीत, म्हणून ती या कलेतली खरी परीक्षा. जिभेने त्यांच्या जवळचा नाद काढायचा आणि श्रोत्याच्या कानाला बाकीचं भरून घ्यायला लावायचं. आता कुटुंबाकडे बघा. अर्धवटरावांच्या नावात यांतलं एकही अक्षर नाही, छोटूच्याही नाही. आवडाबाईंच्या नावात ‘ब’ येतो आणि गंपूच्या नावात तर अनुस्वाराने आलेला ‘म’ आणि लगेच ‘प’, म्हणजे ओठ मिटल्याशिवाय सुटकाच नाही. नावं याच हिशेबाने ठेवली असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण बाहुल्याने स्वतःचं नाव सांगितलेलं आठवत असेल, तर त्या एका शब्दाचा नाद कसा होता हे आठवून बघावं. ‘गंपू’ जरा बोबडा, जरा गंकूकडे झुकणारा ऐकू आला असेल, तर ती बाहुल्याची खोड की कलेची मर्यादा, यावर आपल्याकडे अर्धा तास वाद सहज चालेल. पत्र्यावरच्या साक्षीदाराला बोलवायची वेळ हीच.

वही मुलांनी टीव्हीवरच्या कार्यक्रमांत पाहिलेल्या दुय्यम बाहुल्यांची. दोन प्रकरणं मात्र या चौकटीत बसायला तयार नाहीत. एक तात्या विंचू. ‘झपाटलेला’ हा महेश कोठारे यांचा चित्रपट १९९३चा. तो मालिकाही नाही आणि मुलांसाठीही नाही. तरी नंतर टीव्हीवर इतक्या वेळा दाखवला गेला की मावळातल्या एका पिढीने उशीत तोंड खुपसून तो टीव्हीवरच पाहिला. तात्या विंचू आहे कोण? गोष्टीत तो माणूस, दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला, ज्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. बाहुला रामदास पाध्यांचा आणि चालवलाही त्यांनीच. आणि बाहुला ज्याच्या घरी येतो तो लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, गोष्टीत शब्दभ्रमाचा नाद असलेला. म्हणजे खोटा शब्दभ्रमकार पडद्यावर, खरा पडद्यामागे, आवाज तिसऱ्याचा. तात्या दुय्यम नाही, तो या वहीत येत नाही. तरी त्याचं उदाहरण जवळ ठेवावं, कारण एक पात्र किती जणांत वाटलेलं असू शकतं हे त्याच्याइतकं स्वच्छ कुणी दाखवत नाही. आणि ज्या मुलांनी तात्याला आधी पाहिलं त्यांना पाध्यांच्या पेटीतली प्रत्येक बाहुली नंतर थोडी संशयास्पद वाटते. तशा साक्षी थोड्या सवलतीने वाचाव्यात.

दुसरं प्रकरण लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा. तोही पाध्यांचाच. त्याला आख्खा देश ओळखतो आणि नाव मात्र बहुतेकांना सांगता येत नाही. कार्यक्रम नाही, कथा नाही, काही सेकंदांत येतो, पापड खातो, हसतो, जातो. प्रसिद्धीच्या मापाने तो अर्धवटरावांच्या तोडीचा, पण पात्र म्हणून त्याच्याकडे एका हसण्याखेरीज काही नाही. मला विचाराल तर त्याला आत घ्या. हसणं ही सुद्धा खोड आहे, आणि डोळे मिटून ओळखता येणारं हसणं फार थोड्यांना मिळतं.

बिननावाच्या आकृत्यांवरून वाद घालायची सवय मावळाला नवीन नाही. भाजे लेण्यात विहाराच्या ओसरीत दोन मोठी शिल्पं आहेत. एका बाजूला चार घोड्यांच्या रथात बसलेला पुरुष, बरोबर दोन स्त्रिया, रथाखाली कुणी अजस्र देह. दुसऱ्या बाजूला हत्तीवरचा स्वार, त्याच्या हत्तीने झाड उपटलेलं. गाईड सांगतात सूर्य आणि इंद्र, पुस्तकांतूनही बराच काळ तेच चाललं. काही अभ्यासकांनी मात्र ही मांधाता राजाची गोष्ट असल्याचं मांडलं. शिल्पाखाली नाव कोरलेलं नाही, तेव्हा बघणाऱ्याच्या हातात राहतं काय? वाहन, सोबती, खाली तुडवलं जाणारं कोण, शेजारी काय घडतंय. चेहऱ्यावरून कुणीच काही ठरवत नाही. ठरवता येणारही नाही.

तिथून डोंगर उतरून समोर कार्ल्याला गेलं की उलट चित्र दिसतं. चैत्यगृहाच्या खांबांवर आणि ओसरीच्या भिंतीवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. धेनुकाकटचे यवन आहेत, वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे. नावं इतकी, पण दर्शनी भिंतीवर जी देखणी जोडपी उभी आहेत त्यांच्यापैकी कोण कोण, हे कुणी सांगू शकत नाही. नावं इथे, चेहरे तिथे, मध्ये दोन हजार वर्षं. आपल्या वहीचं दुखणं हेच आहे, फक्त चाळीस-पन्नास वर्षांचं. छोटू आणि गंपू ही नावं आपल्याकडे आहेत, चेहरेही आहेत. एकमेकांशी जोडायचे राहिले आहेत.

लोणावळ्यात मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय आहे. सुट्टीत तिथे रांग लागते. तिथला सगळा खेळ चेहऱ्याचा. पुतळा हुबेहूब जमला की जिंकलं, आणि थोडाही हुकला तर खालची पाटी वाचावी लागते. तिथून निघालेल्या पाहुण्याला बाहुल्यांबद्दल विचारू नये. तो नाकाची लांबी सांगायला लागतो.

मराठी रंगभूमीचं मूळ शोधायला गेलं तरी बाहुल्या आडव्या येतात. १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगवणारे विष्णुदास भावे लाकडी कळसूत्री बाहुल्याही करत. त्यांच्या बाहुल्या पुढे रामदास पाध्यांकडे आल्या आणि त्यांनी त्यांना पुन्हा प्रयोगात उभं केलं. त्या बाहुल्यांत राम ओळखायला अडचण पडत नाही. अडचण पडते स्वयंवराला आलेल्या राजांची. दरबार भरायचा म्हणजे राजे हवेत, आणि प्रत्येकाला नाव असेलच असं नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांकडेही तेच. कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी ही त्यांची पिढीजात विद्या. ती टिकवल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ सालची पद्मश्री मिळाली. सैन्यातला राक्षस कुठला, नगरातला नागरिक कुठला, हे तिथे ठरतं सूत्रधाराच्या तोंडून. तो म्हणेल तो. त्याने नाव घेतलं नाही तर ती बाहुली त्या रात्रीपुरती गर्दी असते. दुय्यम पात्राची नोंद करताना हा न्याय मला पटतो. पडद्यावर कुणीतरी त्याला नावाने हाक मारली का, हा पहिला प्रश्न. मारली असेल तर ते पात्र. नसेल तर ती गर्दी, आणि गर्दीसाठी वहीच्या शेवटी वेगळी पानं ठेवा.

हिंदी कार्यक्रमांतल्या बाहुल्या घ्यायच्या का, यावर मतभेद होतील. माझं म्हणणं, घ्याव्यात. मावळातल्या मुलांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गुलजारांचं ‘पोटली बाबा की’ बघितलं तेव्हा भाषेची चौकशी केली नव्हती. २००६ साली ‘गली गली सिम सिम’ आलं, ते ‘सेसमी स्ट्रीट’चं भारतीय भावंड. त्यातली चमकी शाळेच्या गणवेशात मिरवायची, बूम्बा हा भला थोरला सिंह, गूगली निळा, आणि आंचू शिंकली की कुठल्या कुठे पोचायची. हे चौघे मुख्य, म्हणून वहीबाहेर. त्यांच्या आजूबाजूला गल्लीत येऊन गेलेल्यांची यादी मात्र आत्ताच करायला हवी. ती पिढी आता विशी-पंचविशीत आहे, आठवणी ताज्या आहेत, संच रंगीत होते आणि डोंगराची सावली नव्हती. इथे रंगाची साक्ष सरसकट मान्य. मूळ बाहुली परदेशी साच्यातली होती की नाही, हा शोध पुन्हा त्या भुवया मोजणाऱ्यांवर सोपवावा.

पुण्यात जन्मलेल्या दादी पदमजींनी दिल्लीला ‘इशारा’ ही बाहुली नाट्यसंस्था उभी केली आणि २००८ साली ते युनिमा या बाहुली कलावंतांच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले. १९२९ साली प्रागमध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेला युरोपाबाहेरचा पहिला अध्यक्ष मिळाला तो त्यांच्या रूपाने. मुंबईत मीना नाईकांनी बालरंगभूमीवर बाहुल्यांकडून इतर कुणी बोलणार नाही असे विषय बोलवून घेतले. म्हणजे इथे बाहुल्यांकडे गंभीरपणे बघणाऱ्यांची कमतरता नव्हती. पण कलावंताचा इतिहास लिहिताना त्याच्या मुख्य कामाकडेच लक्ष जाणार, ते रास्तच आहे. पेटीच्या तळाशी कोण होतं हे प्रेक्षकालाच लिहावं लागतं.

आता लिहिण्याबद्दल थोडं. उजव्या पानावर नोंद, डावं पान रिकामं. डावं पान हरकतींसाठी. ते रिकामं राहणार नाही याची मला खात्री आहे. नोंदीत आधी आवाज लिहा. चिरका, घोगरा, नाकातला, लाडिक, घाईचा, जो शब्द सुचेल तो. मग सोबत. कुणाबरोबर दिसला, कुणाशी भांडला, कुणाला घाबरला. मग खोड. चेहरा सर्वांत शेवटी, आणि रंग त्याच्याही नंतर, कंसात संचाचा प्रकार लिहून. नाव पडद्यावर ऐकलेलं असेल तर तसं लिहा, घरात पाडलेलं असेल तर तेही लिहा, पण दोन्हींची सरमिसळ नको. घरोघरी पाडलेली नावं फार भारी असतात. ‘तो टकलू’, ‘दात काढणारा’, ‘आपल्या काकांसारखा’. अधिकृत नाव सापडलं म्हणून ही खोडू नका. मिस्टर जॉन्सनही आधी निळाच होता.

साक्षी जुळत नसतील तर दोन नोंदी करा. एकाच पात्राच्या दोन नोंदी झाल्या तर पुढे कुणीतरी त्या एकत्र करील, पण दोन पात्रं एका नोंदीत कोंबली तर ती पुन्हा सुटी करणं जवळपास अशक्य. बहुमत घेऊ नका. तीन जणांनी एकाच काकांकडून ऐकलं असेल तर ती साक्ष एकच. ज्याने स्वतः पाहिलं आणि जे आठवत नाही ते आठवत नाही असं जो मोकळेपणाने म्हणतो, त्याची उरलेली साक्ष भरवशाची समजा.

पहिलं पान मी गंपूसाठी ठेवावं म्हणतो, छोटूसाठी नव्हे. छोटूबद्दल बोलायला लोक उत्साहाने पुढे येतात, आणि त्यांतल्या निम्म्यांनी पाहिलेला बहुधा गंपूच असतो. गंपूची नोंद आधी पक्की केली, त्याचा आवाज, त्याचा ‘म’ आणि ‘प’, त्याची भांडणं एकदा कागदावर आली, की उरलेलं छोटूच्या खाती टाकता येईल. उलट क्रमाने केलं तर काय होतं ते प्रत्येक घरातल्या त्या चार माणसांना विचारा. एका वेळी एकालाच विचारा, आणि बाकीचे तिघे खोलीबाहेर असताना.